डेबियनचा इन्स्टॉलर: वितरणापूर्वीच्या चाचणीचे परीक्षण

डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या मुक्त संगणक-प्रणालीची १३ वी, 'ट्रिक्सी' नावाची आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी तिचा इन्स्टॉलर, म्हणजे ती संगणकावर बसवून देणारा प्रोग्रॅम, आधी अल्फा (प्राथमिक) आणि मग रिलीज कँडिडेट (प्रसिद्धीच्या उंबरठ्यावरचा) अशा टप्प्यांनी सर्वांसाठी खुला झाला होता, आणि ज्याला शक्य असेल त्याने तो आपल्या संगणकावर चालवून पाहावा व जे घडेल ते कळवावे, असे आवाहन दर टप्प्यावर करण्यात आले होते. तो इन्स्टॉलर आणि तो तपासून घेण्याची डेबियनची पद्धत, असा या परीक्षणाचा विषय दुहेरी आहे. शाळेची संगणक प्रयोगशाळा, गावातले ग्रंथालय किंवा एखाद्या संस्थेचे कार्यालय अशा ठिकाणी अनेक यंत्रांवर ही प्रणाली बसवून देणारी मंडळी मी लिहिताना डोळ्यांसमोर ठेवली आहेत. तीही एका अर्थाने वितरकच असतात, कारण त्यांनी तयार केलेला पेनड्राइव्ह पुढे कोणाकोणाच्या हाती जाईल हे त्यांना ठाऊक नसते.

माझे मत आधीच नोंदवतो. हा इन्स्टॉलर दिसायला जुन्या वळणाचा आहे, डिस्कच्या विभागणीचे त्याचे पडदे नवख्याला जड जातात, आणि चाचणीचा अहवाल पाठवण्याची वाट सोपी नाही. तरीही वितरणापूर्वीच्या चाचणीसाठी मला माहीत असलेल्या व्यवस्थांमध्ये हीच मला सर्वांत विश्वासार्ह वाटते, कारण काय तपासले गेलेले नाही हे सांगण्यासाठी तिने मुद्दाम जागा राखून ठेवली आहे.

इन्स्टॉलरची चाचणी इतर सॉफ्टवेअरच्या चाचणीहून अवघड असते. लेखनाचा एखादा प्रोग्रॅम बिघडला तरी त्याच्याखालची प्रणाली शाबूत राहते. चुकीचा संदेश दिसतो, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडता येतो. इन्स्टॉलर मात्र पेनड्राइव्हवरून मेमरीत उतरलेल्या एका अगदी लहान प्रणालीच्या आधारावर, पूर्णपणे अनोळखी यंत्रावर चालतो, आणि डिस्कवर तो जे लिहितो ते बहुधा परत घेता येत नाही. तो मध्येच थांबला, तर तक्रार लिहून पाठवण्याचे साधनही त्या यंत्रावर उरलेले नसते. त्यामुळे ज्यांचे सर्वाधिक नुकसान झाले तेच लोक अहवालांत दिसत नाहीत, ही या क्षेत्रातली कायमची अडचण आहे.

न तपासलेली गोष्ट लोकांच्या हाती गेली की काय होते, याचा अनुभव डेबियनला फार लवकर आला. १९९५ साली इन्फोमॅजिक या सीडी विकणाऱ्या कंपनीने डेबियनची अपूर्ण, विकास चालू असलेली प्रत १.० असा क्रमांक देऊन सीडीवर घातली. ती प्रत सदोष असल्याचे डिसेंबर १९९५ मध्ये डेबियन आणि इन्फोमॅजिक यांना मिळून जाहीर करावे लागले. गोंधळ वाढू नये म्हणून डेबियनने १.० हा क्रमांकच सोडून दिला आणि पुढची आवृत्ती जून १९९६ मध्ये १.१ म्हणून काढली.

त्याहून बोधप्रद प्रसंग जून २००५ मधला आहे. आजचा इन्स्टॉलर ज्या आवृत्तीपासून वापरात आला ती डेबियन ३.१, म्हणजे 'सार्ज', तेव्हा प्रसिद्ध झाली, आणि लगेच लक्षात आले की पहिल्या सीडी-डीव्हीडींवरून बसवलेल्या प्रणालीत सुरक्षा-अपडेट कोठून घ्यायचे ते सांगणारी ओळ बंद अवस्थेत लिहिली जात होती, शिवाय ती चुकीच्या शाखेकडे बोट दाखवत होती. इन्स्टॉलर कोठेही अडखळत नव्हता, यंत्र व्यवस्थित सुरू (बूट) होत होते, डेस्कटॉप उघडत होता. फक्त त्या संगणकाला आपोआप सुरक्षा-अपडेट मिळणार नव्हते. सुधारलेल्या प्रती तातडीने काढाव्या लागल्या. इन्स्टॉलरने 'पूर्ण झाले' असे म्हणणे आणि इन्स्टॉल खरोखर पूर्ण होणे यांत केवढे अंतर असू शकते, हे या एका उदाहरणातून दिसते. म्हणून मी कोणतीही चाचणी करताना पहिल्या बूटनंतर अपडेटचे स्रोत उघडून पाहतो आणि एक अपडेट प्रत्यक्षात करून घेतो.

हानी अधिक गंभीरही असू शकते. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू या डेबियनवरच आधारलेल्या प्रणालीच्या १७.१० आवृत्तीच्या डेस्कटॉप आयएसओचे (पेनड्राइव्हवर घ्यायच्या इन्स्टॉल-प्रतीचे) डाउनलोड थांबवावे लागले, कारण कर्नलमधल्या (प्रणालीच्या गाभ्यातल्या) इंटेल-एसपीआय नावाच्या एका ड्रायव्हरमुळे लेनोवोच्या आणि इतरही काही कंपन्यांच्या लॅपटॉपचे बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, बिघडत होते; दुरुस्त प्रत १२ जानेवारी २०१८ रोजी आली. हा दोष व्हर्च्युअल मशीनवर (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी यंत्रावर) कधीच सापडला नसता, कारण बायोस साठवणारी खरी चिप तेथे नसतेच.

आता डेबियनच्या अहवालाच्या नमुन्याकडे वळतो, कारण माझ्या मते या व्यवस्थेतली ती सर्वांत मौल्यवान वस्तू आहे. नमुन्याच्या पहिल्या भागात बूट कोणत्या माध्यमावरून केले, आयएसओ कोणती व कोठून घेतली, तारीख कोणती, यंत्र, प्रोसेसर आणि मेमरी कोणती, पार्टिशन (डिस्कचे भाग) कशी पाडली, हे विचारले जाते. त्यानंतर टप्प्यांची यादी येते. पहिले बूट, नेटवर्क कार्डाची ओळख, नेटवर्कची जुळणी, घड्याळ आणि टाइमझोन, वापरकर्ता व पासवर्ड, डिस्कची ओळख, विभागणी, मूळ प्रणाली, निवडलेले सॉफ्टवेअर-संच, बूटलोडर (यंत्र सुरू होताच प्रणाली उघडणारा छोटा प्रोग्रॅम) आणि शेवटी एकूण इन्स्टॉल असा तिचा क्रम असतो. प्रत्येक टप्प्यापुढे एक चौकट असते आणि तीत तीन गोष्टींपैकी एक भरायची असते: ठीक झाले तर 'ओ', चूक झाली तर 'ई', आणि करूनच पाहिले नसेल तर चौकट रिकामी ठेवायची.

ही रिकामी चौकट पाहून मला फार समाधान वाटते. बहुतेक कार्यालयांत चाचणीचा जो तक्ता भरला जातो त्यात 'होय' आणि 'नाही' एवढेच दोन रकाने असतात, आणि जे कोणी करून पाहिले नाही ते नकळत 'होय' मध्ये जाऊन बसते, कारण 'नाही' लिहिले तर दोष दाखवावा लागतो. डेबियनच्या नमुन्यात न केलेल्या गोष्टीला स्वतःचे स्थान आहे आणि ते कोणालाही कमीपणा आणत नाही. अनेक अहवाल एकत्र वाचले की कोणता टप्पा पुष्कळांनी तपासला आणि कोणता जवळजवळ कोणीच तपासला नाही, हे स्पष्ट दिसते, आणि पुढच्या परीक्षकाला आपला वेळ कोठे घालवावा हे कळते. आपल्या संस्थेसाठी वेगळा तक्ता करणाऱ्यांनी दुसरे काही घेतले नाही तरी ही तिसरी खूण जरूर घ्यावी.

नमुन्याचे बळ त्याला जोडल्या जाणाऱ्या नोंदींमुळे वाढते. इन्स्टॉल चालू असताना दुसऱ्या कन्सोलवर (कळा दाबून जाता येणाऱ्या मजकुराच्या पडद्यावर) जाऊन शेल (आज्ञा टाइप करण्याची जागा) उघडता येते आणि चौथ्या कन्सोलवर आत काय चालले आहे त्याच्या ओळी सरकताना दिसतात. काम अडले तर मुख्य मेनूत जाऊन डीबग लॉग (दोष शोधण्यासाठीच्या नोंदी) जतन करता येतात. त्यांतला एक पर्याय असा आहे की इन्स्टॉलर स्वतःच एक छोटा वेब सर्व्हर सुरू करतो आणि शेजारच्या संगणकावरून ब्राउझरने ते लॉग उतरवून घेता येतात. यंत्र बंद पडण्याच्या बेतात असताना पुरावा बाहेर काढण्याची ही सोय करणाऱ्याने चाचणी करणाऱ्याची खरी अडचण ओळखली आहे. इन्स्टॉल यशस्वी झाले, तर त्याच नोंदी नव्या प्रणालीत इन्स्टॉलरच्या वेगळ्या लॉग-फोल्डरमध्ये राहतात आणि अहवालाला जोडता येतात. अहवाल सार्वजनिक असतो आणि नोंदींत संगणकाचे नाव, नेटवर्क कार्डाचे पत्ते वगैरे येतात. संस्थेच्या यंत्रांवर चाचणी करणाऱ्याने त्या पाठवण्यापूर्वी वाचून पाहाव्यात.

डिस्कच्या विभागणीवर मी सर्वांत अधिक वेळ घालवला आणि इतरांनीही घालवावा असे मला वाटते. या भागाचे एक तत्त्व उत्तम आहे. वापरकर्ता पडद्यावर जे जे बदल ठरवतो ते आधी केवळ कागदावर राहतात, आणि शेवटी 'हे बदल डिस्कवर लिहायचे का' असा प्रश्न येतो तेव्हा त्याचे आधीपासून निवडलेले उत्तर 'नाही' असे असते. घाईने एंटर दाबत जाणाऱ्या माणसाची माहिती या एका निर्णयामुळे वाचते. पण या नियमाला अपवाद आहेत आणि ते चाचणीत आवर्जून तपासायला हवेत. अस्तित्वात असलेल्या पार्टिशनचा आकार बदलायचा असेल, किंवा एलव्हीएम (डिस्कची जागा एकत्र करून लवचिकपणे वाटण्याची पद्धत) अथवा एन्क्रिप्शनची (डिस्क कुलूपबंद करण्याची) रचना करायची असेल, तर काही बदल मधल्याच टप्प्यावर डिस्कवर लिहावे लागतात. इन्स्टॉलर तसे सांगतो आणि संमतीही विचारतो. परंतु तोपर्यंत 'शेवटी विचारणार आहेच' अशी समजूत झालेल्या वापरकर्त्याला त्या प्रश्नाचे गांभीर्य कळते की नाही, हे केवळ दुसऱ्या माणसाला समोर बसवूनच पाहता येते. एन्क्रिप्शन निवडल्यास डिस्क आधी यादृच्छिक माहितीने पुसली जाते, जुन्या मोठ्या हार्डडिस्कवर त्याला फार वेळ लागतो, आणि अर्ध्यावर रद्द करण्याची सोय असली तरी कंटाळलेला माणूस यंत्राचे बटणच दाबण्याची शक्यता अधिक असते.

विंडोजच्या शेजारी डेबियन बसवण्याचा प्रश्न आपल्याकडे आता वारंवार येणार आहे, कारण विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी अपात्र ठरलेली, पण चांगली चालणारी यंत्रे शाळा-कार्यालयांत पडून आहेत. येथे तपासायची पहिली गोष्ट बूटची पद्धत ही आहे. जुनी विंडोज पारंपरिक बायोस पद्धतीने बसवलेली असेल आणि पेनड्राइव्ह यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू झाला, तर दोन्ही प्रणाली एका मेनूत सहज येत नाहीत. डेबियनचा इन्स्टॉलर अशी विसंगती दिसल्यास थांबून सूचना देतो, ही जमेची बाजू आहे. काही यंत्रांचे फर्मवेअर (हार्डवेअर चालवणारा अंतर्गत प्रोग्रॅम) नोंदवलेला बूटलोडर दुर्लक्षून फक्त ठरावीक जागीच शोधते. तेथे बूटलोडर त्या जागीही ठेवावा लागतो, पण तो पर्याय तज्ज्ञांसाठीच्या प्रश्नांत असल्याने सामान्य मार्गाने जाणाऱ्याला दिसत नाही. बिटलॉकर (विंडोजचे एन्क्रिप्शन) चालू असलेले पार्टिशन आणि फास्ट स्टार्टअपमुळे अर्धवट बंद झालेली विंडोज या दोन्ही स्थिती चाचणीच्या तक्त्यात स्वतंत्र ओळीने असाव्यात.

या बाबतीत फेडोरा या दुसऱ्या लिनक्स-प्रणालीची पद्धत मला डेबियनपेक्षा नेमकी वाटते. कोणती गोष्ट चालल्याशिवाय आवृत्ती प्रसिद्ध करायची नाही, याचे लेखी निकष फेडोराने ठरवलेले आहेत. बिघाड नसलेल्या विंडोजशेजारी मोकळ्या जागेत इन्स्टॉल होऊन दोन्ही प्रणाली सुरू करता आल्या पाहिजेत, हा त्यांतलाच एक आहे. प्रसिद्धीआधी बैठक घेऊन त्या निकषांवर निर्णय केला जातो. इन्स्टॉलर नव्याने लिहिला जात असताना फेडोराची १८ वी आवृत्ती नोव्हेंबर २०१२ ऐवजी १५ जानेवारी २०१३ रोजी आली, आणि त्या विलंबामागे मुख्यतः ॲनाकोंडा या इन्स्टॉलरचेच काम होते. डेबियनमध्ये गंभीर बगांच्या श्रेणी आहेत आणि इन्स्टॉलरचे ज्ञात दोष एका स्वतंत्र पानावर प्रामाणिकपणे दिले जातात, पण अमुक इतके चालले म्हणजे पुरे असा सोप्या भाषेतला तक्ता बाहेरच्या परीक्षकाला सहज सापडत नाही.

नेटवर्कच्या बाबतीत मोठी सुधारणा डेबियन १२ पासून झाली. त्याआधी अनेक लॅपटॉपच्या वायफाय कार्डाचे मुक्त नसलेले फर्मवेअर अधिकृत आयएसओमध्ये नसे आणि ते वेगळे शोधून पेनड्राइव्हवर ठेवावे लागे. ऑक्टोबर २०२२ मधल्या मतदानानंतर हे फर्मवेअर अधिकृत आयएसओतच समाविष्ट झाले. तत्त्वाचा प्रश्न डेबियनच्या सदस्यांनी उघडपणे चर्चेत घेऊन मतदानाने सोडवला, याचे मला कौतुक वाटते, आणि व्यवहारात याचा अर्थ असा की फक्त मोबाइलचे इंटरनेट असलेल्या गावातला माणूसही आता इन्स्टॉल पूर्ण करू शकतो. मात्र त्यासाठी यूएसबी टेदरिंग (फोनचे इंटरनेट केबलने संगणकाला देणे) तपासून पाहायला हवे. फोन यंत्राला जोडलेला असताना इन्स्टॉलर त्याला नेटवर्क कार्ड म्हणून ओळखतो का, आणि फोनचा पडदा बंद झाल्यावर किंवा एखादा कॉल आल्यावर डाउनलोड तुटले तर पुढे काय होते, हे दोन्ही प्रश्न शहरातल्या वेगवान जोडणीवर कोणाला सुचत नाहीत.

त्याचप्रमाणे वीज जाण्याची चाचणी. मूळ प्रणाली डिस्कवर उतरत असताना यंत्र बंद करावे आणि पुन्हा सुरू करावे. डेबियनचा इन्स्टॉलर अर्धवट राहिलेले काम पुढे चालवत नाही, पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तेव्हा परीक्षकाने पाहायचे ते एवढेच, की दुसऱ्या वेळी अर्धवट पार्टिशन अडथळा करत नाहीत ना, आणि शेजारची जुनी प्रणाली अजून सुरू होते ना. ज्या तालुक्यांत भारनियमन आहे तेथे ही स्थिती अपवादात्मक मुळीच नाही.

डेबियनकडे स्वयंचलित चाचण्याही आहेत. ओपनक्यूए हे मूळचे ओपनसुसे या आणखी एका लिनक्स-प्रणालीचे साधन डेबियन आणि फेडोरा दोघेही वापरतात. ते व्हर्च्युअल मशीनवर इन्स्टॉलर चालवते, कळा दाबते आणि पडद्याच्या चित्राची अपेक्षित भागांशी तुलना करते. त्यामुळे रोज बदलणाऱ्या इन्स्टॉलरमध्ये काल चालणारी गोष्ट आज मोडली तर ते लवकर कळते. पायूपार्ट्स हे दुसरे साधन प्रत्येक पॅकेज (बसवण्याजोगा सॉफ्टवेअरचा गठ्ठा) बसवून, अद्ययावत करून आणि काढून टाकून पाहते. काढून टाकल्यावर मागे काही फाइली उरतात का, हे तपासणारे साधन मुद्दाम लिहिले गेले, यावरून या मंडळींची वृत्ती कळते, कारण बहुतेक ठिकाणी पॅकेज बसले की चाचणी संपते. पण यंत्राने यंत्रावर घेतलेली ही चाचणी कितीही झाली तरी वायफाय कार्ड, टचपॅड, जुने फर्मवेअर आणि सैल झालेली केबल तिच्या कक्षेत येत नाहीत. खऱ्या यंत्रांवरचे अहवाल त्यासाठीच लागतात.

मराठी वाचकाला जवळचा प्रश्न भाषेचा आहे. इन्स्टॉलरच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, आणि २००७ च्या डेबियन ४.० पासून आलेल्या ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये देवनागरी जोडाक्षरांसह दिसू शकते. साध्या लिनक्स कन्सोलला जोडाक्षरांची जुळणी येत नाही आणि तेथे चिन्हांची संख्याही ५१२ वर मर्यादित असते. म्हणून मराठीत इन्स्टॉल तपासायचे तर ग्राफिकल मार्गानेच तपासावे. एखाद्या भाषेचे भाषांतर अपुरे असेल, तर ती निवडताच इन्स्टॉलर सावध करतो की नेहमीच्या मार्गाबाहेर गेल्यास काही पडदे इंग्रजीत दिसण्याची शक्यता आहे. न झालेले काम उघड सांगण्याची वृत्ती मला येथेही दिसली, आणि अहवालाच्या रिकाम्या चौकटीशी तिचे नाते आहे.

मराठीतल्या चाचणीत काय पाहावे, याविषयी थोडे तपशिलाने लिहितो, कारण हे काम आपल्याशिवाय दुसरे कोणी करणार नाही. 'दऱ्या', 'वाऱ्यावर' यांसारख्या शब्दांतला अर्धा र, 'ळ', आणि 'ॲ' ही अक्षरे पडद्यावर नीट उमटतात का ते पाहावे. 'ॲ' हे स्वतंत्र चिन्ह म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये ते सापडेलच असे नाही. बटणांवरचा मजकूर कापला जातो का ते पाहावे. देवनागरी कीबोर्ड निवडला असता रोमन अक्षरांकडे जाण्याची कळ इन्स्टॉलर विचारतो, आणि ती कळ लक्षात ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण वापरकर्त्याचे लॉगिन नाव लहान रोमन अक्षरांतच द्यावे लागते. पासवर्ड टाइप करताना तो दाखवण्याचा पर्याय वापरून कोणती अक्षरे उमटत आहेत याची खात्री करावी. डिस्क एन्क्रिप्ट केली असेल, तर बूट होताना पासफ्रेज ज्या कीबोर्डमांडणीत विचारली जाते ती इन्स्टॉलच्या वेळच्या मांडणीशी जुळते का, हे एकदा यंत्र बंद-चालू करून पाहिल्याखेरीज ते यंत्र कोणाच्याही स्वाधीन करू नये. शेवटी, मराठीसाठीचा सॉफ्टवेअर-संच आपोआप निवडला गेला का, आणि नव्या डेस्कटॉपवर मराठी टंकलेखन लगेच सुरू होते का, हे पाहावे. यांतली एकही गोष्ट ओपनक्यूएच्या रोजच्या चाचणीवर सोडून देण्यासारखी नाही.

पासवर्डविषयीच आणखी एक. रूटचा (सर्वाधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड रिकामा ठेवला, तर रूट खाते बंद राहते आणि पहिल्या वापरकर्त्याला सुडोचे, म्हणजे गरजेपुरते रूटसारखे काम करण्याचे, अधिकार मिळतात. पासवर्ड दिला तर तसे होत नाही. एका प्रश्नातून फुटणाऱ्या या दोन वाटांनी दोन वेगळ्या प्रणाली तयार होतात आणि दोन्हींची चाचणी स्वतंत्र घ्यावी लागते. प्रयोगशाळेसाठी प्रीसीड फाइल लिहून सर्व प्रश्नांची उत्तरे आधीच देणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. प्रीसीड ही सोय उत्तम आहे, कारण तीच चाचणी पुन्हा तशीच करता येते. पण विभागणीची संमतीही त्याच फाइलीत दिलेली असल्यामुळे वर कौतुक केलेले 'नाही' हे संरक्षण तेथे उरत नाही. अशी फाइल असलेला पेनड्राइव्ह चुकीच्या संगणकाला लावला तर काय होईल, याची चाचणी रिकाम्या डिस्कवर अवश्य घ्यावी.

आता उणिवा. अहवाल इंग्रजीत आणि मुख्यतः ईमेलने पाठवायचा असतो, त्यामुळे ज्या शिक्षकाने किंवा ग्रंथपालाने सर्वांत उपयुक्त चाचणी केलेली असते तो बहुधा तेथवर पोहोचतच नाही. यशस्वी इन्स्टॉलचा अहवाल पाठवला तर तो कोणी वाचला की नाही हे कळण्याची खात्री नसते. स्वयंसेवकांचे हे काम आहे याची मला जाणीव आहे, तरीही आलेले अहवाल वाचले जाणे हा चाचणीचाच भाग असतो. विंडोज १० ची ऑक्टोबर २०१८ ची आवृत्ती काही वापरकर्त्यांच्या फाइली पुसत असल्यामुळे वितरण सुरू होताच काही दिवसांत थांबवावी लागली, तेव्हा त्या दोषाच्या तक्रारी प्रसिद्धीपूर्वीच आलेल्या होत्या, पण इतर तक्रारींच्या गर्दीत त्या पुढे आल्या नाहीत. पुढे मायक्रोसॉफ्टने तक्रारीसोबत तिची तीव्रता नोंदवण्याची सोय केली. डेबियनच्या बग-यादीत तीव्रतेची श्रेणी फार पूर्वीपासून आहे, परंतु इन्स्टॉल-अहवालांचा तोंडवळा अजूनही पत्रासारखा आहे, आणि 'वायफायचा टप्पा किती यंत्रांवर रिकामा राहिला' असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर हाताने मोजावे लागते. नमुन्याची रचना इतकी विचारपूर्वक केल्यावर तिच्यातली माहिती एकत्र दाखवणारा तक्ता नसावा, याचे मला वाईट वाटते.

दुसरी उणीव सरकत्या जमिनीची आहे. चाचणी अवस्थेतले नेटवर्कवर अवलंबून असलेले माध्यम आज चालते आणि काही दिवसांनी तेच माध्यम कर्नलचे मोड्यूल (जोडभाग) सापडत नाहीत असे सांगून थांबते, कारण दरम्यान डेबियनच्या सॉफ्टवेअर-संग्रहात नवा कर्नल आलेला असतो. यामागची कारणे समजण्यासारखी आहेत, पण नव्या परीक्षकाला तो आपल्या यंत्राचा दोष वाटतो. म्हणून अहवालात आयएसओची तारीख लिहिण्याचा आग्रह योग्यच आहे, आणि संदेशातच 'नवी प्रत उतरवा' असे ठळकपणे सांगितले गेले तर अनेकांचा वेळ वाचेल.

याउलट वितरणाच्या दिवशीची शिस्त अनुकरणीय आहे. आयएसओ तयार झाल्यावर स्वयंसेवक त्या वेगवेगळ्या पद्धतींनी बसवून पाहतात, निकाल एका सामाईक पानावर भरतात, आणि मगच त्या सर्वांसाठी खुल्या होतात. डिसेंबर २०२३ मध्ये १२.३ ही पॉइंट रिलीज (दुरुस्त्यांची छोटी आवृत्ती) येत असताना तिच्यातल्या कर्नलमुळे एक्स्ट४ फाइल-प्रणालीतली माहिती खराब होऊ शकते असे आढळले. आयएसओचे काम थांबवण्यात आले आणि दुरुस्त कर्नलसह १२.४ ही १० डिसेंबर रोजी प्रसिद्ध झाली. जाहीर झालेला दिवस आणि क्रमांक या दोन्हींपेक्षा लोकांच्या डिस्क महत्त्वाच्या मानल्या गेल्या.

ज्यांना आपल्या संस्थेत ट्रिक्सी वाटायची आहे त्यांनी एकच आयएसओ ठरवावी, तिची एसएचए-५१२ बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरली का ते दाखवणारा आकडा) आणि स्वाक्षरी तपासावी, आपल्याकडच्या प्रत्येक प्रकारच्या एका यंत्रावर ती बसवून तीन खुणांचा तक्ता भरावा, आणि दर पॉइंट रिलीजनंतर तो तक्ता कोरा घेऊन पुन्हा भरावा, कारण आयएसओ बदलली की जुन्या खुणांचा आधार घेता येत नाही. आधीच्या डेबियनवरून अपग्रेड करणार असतील तर ती चाचणी वेगळी आहे; ट्रिक्सीत कर्नल आणि फर्मवेअरचा आकार वाढला असल्याने जुने, लहान बूट पार्टिशन अपुरे पडू शकते आणि नव्याने इन्स्टॉल करून पाहणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. ज्यांच्याकडे केवळ ३२-बिट प्रोसेसरची यंत्रे आहेत त्यांच्यासाठी मात्र डेबियन १३ चा इन्स्टॉलर उपलब्धच नाही. ती यंत्रे पुढे किती काळ वापरायची हे ठरवून, तोवर त्यांच्यासाठी डेबियन १२ ची प्रत आणि तिचा वेगळा तक्ता ठेवावा.